पन्हळ ठेवून ब्रॅकेट पळवले

१

चोरानं पन्हळ ठेवली होती आणि ब्रॅकेट नेले होते.

बोरमाळची माणसं दहिवडीचा बाजार करून उन्हं कलताना परतली. कुणाच्या पिशवीत गवार, कुणाच्या डोक्यावर नवी पाटी, कुणाच्या जिभेवर अजून भज्यांची चव. समाजमंदिरापाशी आली आणि सगळ्यांचे पाय एकदम थबकले. नव्या पत्र्याच्या वळचणीला गेल्याच महिन्यात बसवलेली लांबलचक पांढरी पन्हळ खाली आली होती. पडली नव्हती, उतरली होती. तिचे तुकडे भिंतीच्या कडेनं, पोत्यांच्या घड्यांवर, ओळीनं निजवलेले. उन्हाळ्यात अंगणात पोरं निजवावीत तसे. पण ज्या अर्धगोल लोखंडी हातांनी तिला वळचणीखाली तोलून धरलं होतं, ते हात एकूण एक गायब.

भिंतीला आकाराम फिटरची शिडी टेकलेली. आणि शिडीपाशी खुद्द आकाराम, कपाळाला हात लावून. बाजारातनं तो सगळ्यांच्या आधी परतला होता. एवढं पुरेसं झालं.

"शिडी तुझी, हत्यारं तुझी, अन् पळत म्होरं आलास तूच," टँकरवाला आप्पासो म्हणाला. "प्लास्टिकला भंगारवाला इचारत न्हाई, लोखंडाला इचारतो. आता आनि काय सांगायचं गड्या?"

"आप्पासो, हे ब्रॅकेट मीच बसवल्यात. मी कशाला काढू?"

"त्येच तर आमी इचारतोय!"

माण तालुक्यात पाऊस येतो तो लांबच्या पाव्हण्यासारखा. सगळीकडं फिरून, परतीच्या वाटेवर, उशिरा, अन् टेकतो न टेकतो तोच निघतो. त्याला धरून ठेवायचं तर पत्र्यावरचा थेंब न् थेंब टाकीत घ्यायला हवा. म्हणून बायकांच्या गटानं आधी समाजमंदिराला पन्हळ बसवून घेतली होती. ती टिकली तर वस्तीतल्या घराघराला बसवायची, आणि ते काम आकारामला द्यायचं, असं गटाची अध्यक्षा चंद्राबाईनं ठरवलं होतं.

आकाराम मुंबईच्या मंडईत पोती वाहून वाहून पाठ मोडलेला गडी. त्याची रेश्मा दिवाळीपुरतं अन् जत्रेपुरतं नवऱ्याचं तोंड बघायची. यंदा तो कायमचा घरी आला होता, या पन्हळींच्या भरवशावर.

चंद्राबाईनं पदर खोचला. "उद्या सांजंला बैठक हाय. तवर चोर घावला न्हाई, तर घरांचं काम भायेरच्या माणसाला दिऊ. माझा तुज्यावर राग न्हाई आकाराम. पर ज्याच्यावर संशय, त्याला बायका घराच्या वळचणीला कशा चढू देतील, सांग?"

काम गेलं तर पुन्हा मुंबई आणि पुन्हा पोतं. आकारामनं सांगलीचा नंबर लावला.

"ताई, तुमचे ब्रॅकेट गेले. अन् माझं नावबी गेलं."

२

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सुरेखा आवटीचं छोटं वर्कशॉप होतं. पोलादी पट्टी वाकवायची, भोकं पाडायची, जस्ताचा मुलामा चढवून घ्यायचा, की झाला पन्हळीचा ब्रॅकेट. ही झाली दिवसाची ओळख. दुसरी ओळख वसाहतीत तोंडोतोंडी होती. हरवलेलं हुडकावं तर सुरेखाताईनं. शेजारच्या कारखान्यातला नाहीसा झालेला वजनकाटा तिनं एका कामगाराच्या घरच्या बारशात, साखरेच्या पोत्याखाली शोधून काढला होता, आणि वर बारशाचे पेढेही खाऊन आली होती.

"ब्रॅकेट गेले तर दुसरे पाठवू की," तिचा नवरा वर्धमान म्हणाला. "त्यासाठी माण कशाला गाठायचं?"

"ब्रॅकेट दुसरे देता येतात ओ. नाव दुसरं कुठल्या साच्यात काढायचं?"

"आणि जेवण?"

"डबा घेतलाय. दिवस बुडायच्या आत जेवू घालते, काळजी नको."

वर्धमाननं मुकाट्यानं टेम्पो काढला. विट्यापर्यंत ऊस सोबतीला होता. विट्यातले गलाईवाल्यांचे बंगले मागं पडले, धनी परमुलखात सोनं गाळायला गेलेले अन् बंगल्यांना कुलपं. मग ऊसही मागं राहिला, पाव्हण्याला वेशीपर्यंत सोडायला आल्यासारखा. पुढं नुसतं मोकळं रान, बाजरीची ताटं आणि मेंढरांची धूळ.

"पन्हळ पोत्यांवर निजवणारा चोर," सुरेखा खिडकीतनं बाहेर बघत पुटपुटली. "असला चोर बघितल्याबिगर मला चैन नाही पडायची."

बोरमाळला उतरल्या उतरल्या तिनं कुणाला रामराम घालायच्या आधी शिडी गाठली. पदर कमरेला, एकेक पायरी वर. भिंतीतल्या पहिल्या भोकात तिनं बोट घातलं आणि थांबली. मग दुसऱ्या भोकापाशी सरकली. तिसऱ्या.

"काय गं? रिकामीच असणार की भोकं," वर्धमान खालनं ओरडला.

"रिकामी नाहीत ओ. ब्रॅकेट नेलाय, पण स्क्रू परत ज्याच्या त्याच्या भोकात बोटानं खोचून ठेवलाय. सगळ्यांचा."

"म्हणजे चोर नीटनेटका आहे."

"नाही," सुरेखा खाली वाकून म्हणाली. "म्हणजे चोर चोरच नाही. तो हे परत बसवणार होता."

३

समाजमंदिराच्या ओसरीवर जाजम अंथरलं गेलं. चंद्राबाईनं चहा आणला, बोरमाळचा, गुळाचा. अंगण मात्र बघण्यासारखं होतं. कडेचे दगड चुन्यानं रंगवून दोरीत लावलेले, रोपंही एका ओळीत, झेंड्याचा खांब मधोमध. एक दगड इंचभर इकडं नाही की तिकडं नाही.

"हे आमच्या सुभेदारांचं काम," चंद्राबाई कौतुकानं म्हणाली. "दसऱ्याला उद्घाटन हाय. त्येंच्या पलटणीतलं जुनं मोठं साहेब येनार हायती."

सुभेदार अर्जुना ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. मिशा अशा की त्यांवर लिंबू ठेवावं. पोरवयात फौजेत गेलेले, केस पिकल्यावर गावी आलेले. दर झेंडावंदनाला खरं बोलण्यावर त्यांचं भाषण असायचं आणि दर भाषणात पोरं डुलक्या घ्यायची.

"बसा की सुभेदार," सुरेखा म्हणाली.

"फौजी मानूस. उभाच बरा." त्यांनी कपही उभ्यानंच तोंडाला लावला.

सुरेखानं आधी आप्पासोकडं मोर्चा वळवला. "टाकी भरली तर तुमच्या टँकरला कोण विचारणार, असं लोक म्हणतात."

आप्पासो मोठ्यांदा हसला. "आवं ताई, उन्हाळ्यात माझा टँकर आर्ध्या तालुक्याला पुरत न्हाई. बाया रांगेत उभ्या ऱ्हाऊन मला अशा शिव्या देत्यात की माझं कान पिकल्यात. पन्हळीनं दोन रांगा कमी झाल्या तर मी नारळ फोडीन! अन् काल मी दहिवडीत टायर बदलत हुतो, हितली निम्मी माणसं माज्या टँकरवर बसूनच आली."

निम्म्या माणसांनी माना हलवल्या.

"आणि तू आकाराम, सगळ्यांच्या आधी का परतलास?"

आकारामनं मान खाली घातली. "रेश्मासाठी बांगड्या घेतल्या हुत्या. हितं गर्दीत दिल्या तर पोरी चिडिवत्यात. म्हनून लौकर निघालो."

जाजमावर खसखस पिकली. रेश्मा लाजून ओट्याआड गेली, पण जाता जाता बांगड्या वाजल्याच.

"पोरगा चोर न्हाई," सुभेदार एकदम खणखणीत आवाजात म्हणाले.

सगळे वळले. सुरेखाही. "तुम्हाला कसं माहीत?"

"म्हाईत हाय." आणि सुभेदारांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

तेवढ्यात आप्पासो उठून भिंतीपाशी गेला होता. वळचणीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत गेरूची एक बारीक रेघ होती, दोरी ताणून मारलेली, तलवारीसारखी सरळ. रेघ पहिल्या भोकावरनं निघाली होती. पण पुढची भोकं तिला सोडून हळूहळू खाली घसरत गेली होती, आणि टाकीकडच्या टोकाला रेघेत अन् भोकात चांगलं चार बोटांचं अंतर.

"बगा, बगा!" आप्पासो ओरडला. "घावलं! ह्येनं ब्रॅकेट वाकडं बसवलं हुतं. रेघ मारून बगितलं, सोताची चूक कळली, अन् कुनाला दिसायच्या आत काढून लपीवलं. बोल आकाराम, वाकडं हाय का न्हाई?"

आकारामनं रेघेकडं बघितलं. "हाय," तो म्हणाला. "वाकडंच हाय."

४

गलका उठला. चंद्राबाईनं डोळे मिटले. आकाराम काहीतरी सांगत होता, पण त्याचा आवाज गलक्यात बुडाला. मग सुरेखानं ओसरीच्या खांबावर वाटीनं ठणठण केलं.

"त्याला बोलू द्या की ओ!"

"आवं, वाकडं म्हंजी ढाळ हाय त्यो!" आकाराम कळवळून म्हणाला. "पन्हळ सरळ मारली तर पाणी मधेच बसून ऱ्हाईल, डास हुतील. टाकीकडं थोडं थोडं उतरतं घ्याया लागतं. येवढ्या लांबीला चार बोटं उतार नको?"

"बरोब्बर हवा," सुरेखा म्हणाली. "आता मला एक सांगा. ज्यानं ढाळ धरून ब्रॅकेट बसवले, तो त्याच भिंतीवर सरळ रेघ कशाला मारेल? आकाराम झोपेतही असली रेघ मारायचा नाही. ही रेघ दुसऱ्याची आहे. तिच्यावर त्याला ब्रॅकेट नव्यानं बसवायचे होते."

रेघ कुणी मारली, कुणालाच माहीत नव्हतं. कालपर्यंत ती नव्हती, एवढंच.

"काल बाजाराला कोण कोण गेलं नव्हतं?"

"लीलाबाई," चंद्राबाई म्हणाली. "तिची शेळी व्यायला आलीय. अन् सुभेदार. त्येंला बाजारची गर्दी खपत न्हाई."

लीलाबाईचं छप्पर समाजमंदिराला लागूनच होतं. म्हातारी शेळीच्या पाठीवरनं हात फिरवत बसली होती. तिला लांबचं दिसत नव्हतं, पण कान हरणाचे.

"आजी, काल काय ऐकलंत?"

"शिडी वाजली. मग सक्रू कुरकुरलं. मग पावलं लांब गेली, पार झेंड्याच्या खांबापातूर. थांबली. मग परत शिडी, परत कुरकुर, परत पावलं लांब. दुपारभर ह्योच खेळ. मला वाटलं, आकारामच काम करतोय."

"आणि मग?"

"मग धप् वाजलं. येकदाच. मग लय येळ काईच न्हाई. मग पावलं गेली, पर येगळी. पाय वढत."

सुरेखाच्या अंगावर शहारा आला, सुखाचा, कोडं सुटू लागतं तेव्हा येतो तसा. "आजी, पन्हळीचा तुम्हाला राग नाही ना? तुमच्या शेळीच्या दोणीत पडणारं वळचणीचं पाणी तिनं नेलं."

"राग कशाला? टाकी भरली तर मला काय कुनी वाटी देनार न्हाई व्हय?" म्हातारी खुदकन हसली आणि शेळीला थोपटत, आपल्याच नादात गुणगुणली:

*"सरळ माजा बंधू, सरळ त्येची काठी,*
*पाणी गं वाकडं, वाकडं पिकासाठी."*

सुरेखा उठलीच. तडक झेंड्याच्या खांबापाशी गेली आणि समाजमंदिराकडं तोंड करून उभी राहिली.

"काय दिसतं ओ इथनं?"

वर्धमान शेजारी आला. "दगड. रोपं. दार. पत्रा."

"सगळं कसं?"

"एकदम सरळ."

"आणि स्क्रूंची रांग?"

वर्धमाननं डोळे बारीक केले. "ती मात्र घसरलीय. कवायतीत एकच पोरगं पाय चुकवतंय, असं वाटतंय."

"तसंच कुणाला तरी वाटलं," सुरेखा हळूच म्हणाली. "काढून ठेवण्यात त्याची माया आहे. स्क्रू त्यानं हरवू दिले नाहीत, पन्हळीला ओरखडा पडू दिला नाही. पाण्याचा ढाळ त्याला माहीत नाही, कारण हयात रानात नाही गेली त्याची. काल शिडीवरनं धपकन पडला आणि पाय ओढत घरी गेला. कंबर धरलेल्या माणसाला जाजमावर बसता येत नाही ओ. आणि आकाराम चोर नाही, हे एवढं छातीठोक कुणाला माहीत असेल?"

वर्धमाननं सावकाश मान वळवली. सुभेदार अजूनही ओसरीच्या खांबाला टेकून उभेच होते.

५

"सुभेदार, तुमच्या घरचं पाणी प्यायचंय," सुरेखा म्हणाली.

सुभेदार खांब सोडून चालू लागले, पाठ ताठ, पाऊल आखूड.

घरात भिंतीला टापटीप खाट. खाटेवर घडीचं कांबळं. आणि कांबळ्यावर बोरमाळचे सगळे ब्रॅकेट, पुसून लखलखीत केलेले, रांगा धरून उभे. परेडला निघालेल्या पलटणीसारखे.

सुरेखा बघतच राहिली. "आमच्या वर्कशॉपमध्येसुद्धा इतके छान दिसत नाहीत हो."

सुभेदारांनी मिशीवरनं हात फिरवला. "साहेब येनार. खांबापाशी झेंडा फडकवनार. मान वर केली की समोर वाकडी पन्हळ! म्हनलं, समदी बाजारला गेल्यात तवर सीधी करून टाकू. कुनाला सांगायचं न्हाई, पोराचा अपमान नको. खालून बघत बघत समदे ब्रॅकेट काढले, रेघ मारली. अन् शिडीची शेवटची पायरी चुकली. कंबर गेली. शेतातच जन्मलो, ताई, पर पाणी कसं पळतं ते कवा शिकलोच न्हाई. मला फकस्त रांग कळती."

"आणि ब्रॅकेट घरी का आणले?"

"सामान उघड्यावर टाकून यायचं? हात चालत हुते, तेवढं केलं."

"मग काल संध्याकाळी का नाही बोललात?"

"मी पोचायच्या आत चोर ठरला हुता. म्हनलं, आता सांगतो, मग सांगतो. दर झेंडावंदनाला खऱ्यावर भाशान ठोकनारा मी, जीभच उचलंना." ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. "ताई, तुमी म्हनालात तर ब्रॅकेट रातचं गुपचूप तिथं ठिऊन येतो. सापडले म्हंतील."

सुरेखा एकेक ब्रॅकेट उचलून पिशवीत ठेवत राहिली. बाहेर समाजमंदिराकडनं बायकांचे आवाज येऊ लागले होते. बैठक जमत होती.

सुभेदारांनी तो आवाज ऐकला. "न्हाई," ते आपणच आपल्याला म्हणाले. "ब्रॅकेट सापडून काय? चोर सापडल्याबिगर पोरगा सुटत न्हाई." आणि त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

६

सुभेदार जाजमाच्या कडेला सावधान होऊन उभे राहिले. सुरेखानं पिशवी रिकामी केली तसा ब्रॅकेटचा खणखणाट झाला, आणि त्या खणखणाटावर त्यांचा आवाज चढला.

"ह्ये मी काढले. आकारामनं न्हाई. पन्हळ वाकडी हाय म्हनून मी सीधी करायला गेलो, अन् पडलो. काल गप बसलो, ती खरी चोरी. आकाराम, चूक झाली. गावासमोर सांगतो."

आप्पासो तोंड उघडं टाकून बसला. आणि मग कुठल्याशा कोपऱ्यातनं लीलाबाईचं हसू फुटलं, बारीक, खळखळतं, आणि ते सगळ्या जाजमावर पसरलं. चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलतच राहिले.

"सुभेदार, पावसाला बी ड्रिल शिकीवनार का तुमी?"

"सावधान म्हनलं की ढग थांबत्यात का वो?"

आकाराम उठला. तो सुभेदारांच्या पायाला हात लावायला वाकला, तर सुभेदारांना त्याला उठवायला वाकता येईना. मग दोघंही तसेच अडकले, आणि हसू पुन्हा नव्यानं उसळलं. शेवटी वर्धमाननं दोघांनाही सरळ केलं.

"तात्या, चोर म्हनून मुंबईला जायची पाळी आली हुती माज्यावर," आकाराम म्हणाला. "तुमी बोलला, लय झालं."

"आता काम सांग."

"खाली उभं ऱ्हावा. एकेक ब्रॅकेट हातात द्या. अन् रेघ पुसा पयली."

सुभेदारांनी खिशातला रुमाल शिडीवरच्या आकारामकडं दिला आणि स्वतःच्या हातानं मारलेली ती देखणी रेघ पुसली जाताना डोळ्यांत तेल घालून बघितली. ब्रॅकेट एकामागोमाग एक आपापल्या भोकाशी परतले. सुभेदार दरवेळी खालनं विचारायचे, "ढाळ?" आणि आकाराम वरनं सांगायचा, "ढाळ!" पन्हळ पुन्हा हातांवर जाऊन बसली.

"पर पाणी खरंच पळतंय का बघायचं कसं? पाऊस तर काय सांगून येत न्हाई," कुणीतरी म्हणालं.

आप्पासो खाकरला. "टँकर भरलेला हाय माझा." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं पाईप पत्र्यावर टाकला.

पाणी पत्र्यावरनं सळसळत उतरलं, वळचणीच्या काठानं पन्हळीत उडी मारली आणि माहेरी निघालेल्या लेकीसारखं न थांबता, न अडखळता, टाकीकडं धावत सुटलं. टाकीत पहिला धबधबा पडला तेव्हा पोरांपेक्षा बायकाच जास्त ओरडल्या. सुभेदारांनी मान वाकडी करून पन्हळीला सलाम ठोकला. कंबर दुखली, पण सलाम सरळ होता.

चंद्राबाईनं हात वर केला. "बैठक झाली. घरांचं काम आकारामच करनार. उद्यापास्नं सुरू. पयलं घर..."

"पयलं माझं!" एकजण म्हणाली. "माझा पत्रा सगळ्यात मोठा."

"मोठा पत्रा म्हंजी मोठा शाना व्हय? माजी टाकी तयार हाय!"

"मी अध्यक्षा हाय, पयलं माझं नको का?"

"आत्ताच आली अध्यक्षा!"

बघता बघता सगळ्या बायका आकारामभोवती. एकीनं बाही धरली, दुसरीनं हातातला पाना. आकाराम मधे उभा, मघाशी रडवेला झालेला, आता गुदमरून हसणारा, आणि कुणाला काय सांगावं हे त्याला कळेना.

तेवढ्यात गर्दीतनं बांगड्या वाजल्या. रेश्मा वाट काढत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बायांनो, तुमच्या घरांना पन्हळ बसवा, माझं काय म्हननं न्हाई. पर अवं फिटर, तुमच्या सोताच्या घराला अजून कुडाच्या भिंतीवर पागोळ्या पडत्यात. इतकी वर्सं तुमी हितं नव्हता, म्हनून मी गप हुते." तिनं आकारामच्या हाताला धरलं. "आता हितंच ऱ्हानार हाय नव्हं? मग पयली पन्हळ माझ्या घराला. चला."

आणि भर गावासमोर, सगळ्या बायकांच्या ओरडण्यातनं, ती नवऱ्याला शिडीसकट घराकडं घेऊन गेली.